२८ सेकंदांचा प्रश्न: यूकॅट दिलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

मी इंग्लंडमधल्या एका शाळेत ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीच्या, मुलांना रसायनशास्त्र शिकवते. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखांना अर्ज करणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करण्याचं कामही माझ्याकडेच आहे. यूकॅट या वैद्यकीय प्रवेशचाचणीचं हे प्रकरण २०२३ च्या उन्हाळ्यात सुरू झालं आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये संपलं. विद्यार्थिनीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला इथे ‘र’ म्हणू.

शेवट तसा चांगला झाला, तिला प्रवेश मिळाला. तरी हे प्रकरण मला सोडत नाही, कारण आम्हा मोठ्या माणसांच्या हातात सगळी माहिती होती आणि आम्ही ती सात महिने चुकीची वाचली.

पार्श्वभूमी

र सात वर्षांची असताना तिचं कुटुंब महाराष्ट्रातून इंग्लंडला आलं. घरात मराठी, शाळेत इंग्रजी. २०२२ साली तिनं जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा, दिली. तिथे ९ ही सर्वोच्च श्रेणी. गणित आणि तिन्ही शास्त्रांत ९, इतर विषयांत ८ किंवा ९, इंग्रजी साहित्यात ७ आणि इंग्रजी भाषेत ६. ए-लेव्हलला तिनं जीवशास्त्र, रसायन आणि गणित घेतलं होतं. शाळेनं दिलेल्या अंदाजी श्रेणी होत्या ए-स्टार, ए, ए. दर शनिवारी ती एका वृद्धाश्रमात मदतीला जायची, आणि तेही दाखल्यासाठी म्हणून नव्हे. तिथल्या एका आजींना जेवण भरवायला किती वेळ लागतो आणि मध्ये का थांबावं लागतं, हे तिनं मला एकदा इतकं बारकाईनं सांगितलं होतं की मुलाखतीची काळजी मी त्या दिवशीच सोडली.

वर्गातल्या चाचण्यांत ती शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत असायची. वेळ संपल्याचं सांगितलं की तिचा पेन अजून कागदावरच असायचा. माझ्या शेऱ्यांमध्ये मी सलग तीन सत्रं ‘फार काळजीपूर्वक काम करते’ असं लिहिलं आहे. इंग्रजी भाषेतल्या त्या ६ बद्दल घरात आणि शाळेत एकच स्पष्टीकरण चालायचं: मातृभाषा मराठी, इंग्रजी उशिरा आलं. मीही मराठीच. मला ते पटायला काहीच जड गेलं नाही.

परीक्षा नेमकी कशी आहे

ब्रिटनमधली बहुतेक वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय महाविद्यालयं यूकॅट ही अभियोग्यता चाचणी मागतात. २००६ मध्ये ती यूकेकॅट या नावानं सुरू झाली. २०१९ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठीही तीच घेतली जाऊ लागली आणि नावातून ब्रिटन गळून यूकॅट उरलं.

मराठी पालक तिची तुलना भारतातल्या ‘नीट’ परीक्षेशी करतात आणि गफलत तिथूनच सुरू होते. नीटला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा ठरलेला अभ्यासक्रम आहे आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. यूकॅटला पाठ करण्यासारखं जवळपास काही नाही आणि चुकीला दंड नाही. तिथे सगळी ओढाताण वेळेची. २०२३ मध्ये व्हर्बल रीझनिंगला, म्हणजे उतारे वाचून उत्तरं देण्याच्या विभागाला, ४४ प्रश्न आणि २१ मिनिटं होती, म्हणजे उतारा वाचण्यासकट एका प्रश्नाला सुमारे २८ सेकंद. तर्काच्या डिसिजन मेकिंगला २९ प्रश्न ३१ मिनिटांत, आकडेमोडीच्या क्वांटिटेटिव्ह रीझनिंगला ३६ प्रश्न २५ मिनिटांत, आणि आकृत्यांचा अॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंग हा विभाग ५० प्रश्नांचा, १२ मिनिटांत. या चार विभागांना प्रत्येकी ३०० ते ९०० गुण, एकूण कमाल ३६००. पाचवा भाग प्रसंगांवरच्या निर्णयांचा. त्याला गुण नसतात, पहिला ते चौथा असा बँड मिळतो.

एका प्रवेशवर्षात ही परीक्षा एकदाच देता येते आणि गुण त्याच वर्षीच्या अर्जाला चालतात. जुलै ते सप्टेंबर या काळात आपण निवडलेल्या दिवशी संगणकासमोर बसायचं. निकाल लगेच कळतो, आणि यूकासचा, म्हणजे ब्रिटनमधल्या सगळ्या विद्यापीठांसाठीचा एकत्रित, अर्ज असतो ऑक्टोबरच्या मध्याला. म्हणजे अर्ज कुठे करायचा हे ठरवताना आपले गुण आपल्याला माहीत असतात. या एका गोष्टीचं मोल पालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

अडचण

जूनमध्ये र चे बाबा भेटायला आले. म्हणाले, “मॅडम, आम्ही जानेवारीपासूनच लागलोय.” सोबत लॅपटॉप होता. जाड प्रश्नसंग्रहातला प्रत्येक संच, तारीख, बरोबर उत्तरं, टक्केवारी, सगळं तक्त्यात मांडलेलं. सरासरी ९१ टक्के. मी पूर्ण तक्ता पाहिला आणि विचारलं, वेळेचा रकाना कुठे आहे? तो नव्हता. आधी अचूकता पक्की करू, वेग आपोआप येईल, असा त्यांचा हिशेब होता. स्वतः त्या रस्त्यानं शिकलेल्या माणसाला दुसरा हिशेब सुचणार तरी कसा?

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळा सुटायच्या आधी, मी तिला संगणक कक्षात पूर्ण वेळेची सराव परीक्षा द्यायला लावली. मी मागच्या रांगेत वह्या तपासत बसले होते. व्हर्बलचा उतारा समोर आला की ती माऊसचा बाण पहिल्या ओळीखाली आणायची आणि ओळीबरोबर हळूहळू उजवीकडे न्यायची, मग दुसरी ओळ. मध्येच बाण थांबायचा, मागे यायचा, तीच ओळ पुन्हा. मला ते पाहून बरं वाटलं होतं. वाटलं, किती शिस्तीनं वाचते.

व्हर्बलमध्ये ४४ पैकी २७ प्रश्न सुटले. त्यातले २३ बरोबर. उरलेले १७ कोरे. क्वांटिटेटिव्हमध्ये ३६ पैकी ३४ सोडवलेले, अॅब्स्ट्रॅक्टमध्ये ५० पैकी ४४. बाजारातल्या रूपांतर-तक्त्यांवरून एकूण अंदाज काढला तर तो २२०० च्या आसपास आला. खरी परीक्षा ८ ऑगस्टला ठरलेली होती.

कोरे का सोडले, असं विचारल्यावर ती म्हणाली, “खात्री नव्हती.” चुकीला दंड नसताना नुसते डोळे मिटून पर्याय निवडले असते तरी त्या १७ मधले चार-पाच बरोबर आले असते. ही सवय मोडायची, हे माझ्या मनात त्याच क्षणी पक्कं झालं. आणि सवय हा शब्द एकदा सापडल्यावर मी दुसरं कारण शोधलंच नाही.

पहिला निर्णय: तारीख

आम्ही चौघं बसलो. ८ ऑगस्टलाच परीक्षा द्यायची, हा सरळ पर्याय होता. लवकर मोकळं होता येईल आणि पुढचा महिना विद्यापीठांचा नीट अभ्यास करता येईल. दुसरा पर्याय तारीख सप्टेंबरमध्ये ढकलण्याचा. २४ तासांहून जास्त अवधी असेल तर तारीख बदलता येते. पण सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झालेली, अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन, म्हणजे पर्सनल स्टेटमेंट, डोक्यावर, आणि ऐन वेळी ताप आला तर पुढे सरकायला जागा नाही. परीक्षेला बसणं म्हणजे आपण बसायला तंदुरुस्त आहोत असं सांगणं, हा यूकॅटचा नियम आहे, नंतर आजारपणाचं कारण चालत नाही. तिसरा पर्याय वर्षभर थांबण्याचा. तो मी मांडला आणि बाबांनी तिथेच बाजूला ठेवला. त्यांचा स्वतःचा प्रस्ताव होता, तारीख तीच ठेवून रोजचे दोन तास पाच करायचे.

आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मॅडम, एक विचारू? ही वाचायला बसली की इतकी दमते का? गणितं तीन तास करते, काही होत नाही. पुस्तक धरलं की अर्ध्या तासात डोकं दाबून बसते.”

मी म्हणाले, नंबर तपासून घ्या. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम होते. सगळ्यांना हायसं वाटलं आणि विषय तिथे मिटला. आज मला वाटतं, या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय तोच होता, आणि तो निर्णय आहे हेच आमच्या लक्षात आलं नाही.

तारीख सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नेली.

काय केलं

जाड पुस्तक बंद केलं. रोज ४५ मिनिटं, सगळं घड्याळ लावून आणि पडद्यावर. बाबांना हे फार जड गेलं. मुलगी दिवसातला एवढाच वेळ ‘अभ्यास’ करते आणि बाकी वेळ सायकल चालवते, हे पाहणं त्यांच्यासाठी शिक्षाच होती. पण ते बोलले नाहीत. तक्त्यात त्यांनी वेळेचा रकाना घातला आणि आठवड्यातून एकदा मला पाठवत राहिले. त्यांच्या या संयमाचा तिला फार आधार झाला.

व्हर्बलसाठी नियम केला की आधी प्रश्न वाचायचा, मग उताऱ्यात त्यातला शब्द शोधायचा, तेवढीच दोन-तीन वाक्यं वाचायची. संपूर्ण उतारा पहिल्या ओळीपासून वाचायचा नाही. तिला हे अप्रामाणिक वाटायचं. आणखी एक अडचण होती. काही प्रश्नांत विधान उताऱ्यावरून ‘खरं’, ‘खोटं’ की ‘सांगता येत नाही’ ते निवडायचं असतं, त्यातल्या शेवटच्या पर्यायाची. मी एक नमुना तयार केला होता: बंदर बांधल्यानंतरच्या दहा वर्षांत किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची संख्या घटली, एवढंच उतारा सांगतो. विधान असं की बंदरामुळे पक्षी घटले. तिनं ‘खरं’ निवडलं. का, तर जहाजांच्या आवाजानं पक्षी जातात हे तिला जीवशास्त्रातून ठाऊक होतं. उताऱ्यात नसलेलं ज्ञान बाजूला ठेवणं हुशार मुलांना सर्वांत अवघड जातं. हे मात्र तिनं दोन आठवड्यांत आत्मसात केलं.

३० सेकंद झाले की काहीतरी उत्तर टिपायचं, खूण करायची आणि पुढे जायचं. कोरं काहीही सोडायचं नाही. परीक्षेत कागद देत नाहीत, पुसता येणारी पातळ वही आणि मार्कर देतात. म्हणून घरी तसाच फळा आणि मार्कर आणला, कारण जाड टोकानं छोटे आकडे लिहायचीही सवय लागते. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माऊसनं दाबण्याऐवजी कीबोर्डवरून वापरायचा सराव केला. क्वांटिटेटिव्हमध्ये याचा लगेच फायदा दिसला.

प्रसंगांच्या भागात एक गोष्ट निघाली, ती आपल्या घरांतून आलेल्या मुलांमध्ये मी वारंवार पाहते. प्रसंग असा होता: वरिष्ठ डॉक्टर रुग्णाला तपासायला जाताना हात धुवायला विसरतात, शिकाऊ विद्यार्थ्यानं ते पाहिलं आहे. गप्प राहणं हे र ला ‘योग्य, पण आदर्श नव्हे’ वाटलं. “मोठ्यांना कसं सांगायचं?” असं तिनं विचारलं. आम्ही जनरल मेडिकल कौन्सिलची डॉक्टरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं एकत्र वाचली. रुग्णाची सुरक्षितता आधी, आणि सांगण्याची रीत आदराची असू शकते, बाजूला घेऊन हळूच सांगता येतं. एवढं कळल्यावर तिची उत्तरं बदलली. पाठ केलेल्या युक्तीनं हे साधलं नसतं, कारण प्रश्न तिच्या मनातल्या खऱ्या संकोचाचा होता.

ऑगस्टच्या अखेरीस क्वांटिटेटिव्ह आणि डिसिजन मेकिंग चांगलेच वर गेले. व्हर्बल थोडं हललं आणि थांबलं. अंदाजानं भरलेली उत्तरं धरून गुण वाढले होते. खरोखर वाचून सोडवलेले प्रश्न मात्र २९-३० च्या पुढे जाईनात. सहा आठवड्यांच्या नेमक्या सरावानंतर एकच विभाग जागचा हलत नाही, हे मी पाहिलं आणि मनाशी म्हटलं, भाषेला वेळ लागतो.

परीक्षेचा निकाल

व्हर्बल ५४०, डिसिजन मेकिंग ६४०, क्वांटिटेटिव्ह ७४०, अॅब्स्ट्रॅक्ट ६१०. एकूण २५३०, प्रसंगांच्या भागात दुसरा बँड. त्या वर्षीची एकूण सरासरी २५०० च्या थोडी वर होती, म्हणजे ती सरासरीच्या जवळपास. व्हर्बलची सरासरी ५९० च्या आसपास होती, तिथे ती बरीच खाली.

केंद्रातून बाहेर आल्यावर तिनं मला फोन केला. रडली नाही. म्हणाली, “शेवटचे तीन उतारे मी पाहिलेच नाहीत, नुसती बटणं दाबली.”

दुसरा निर्णय: अर्ज कुठे

वैद्यकीय शाखेसाठी यूकासवर जास्तीत जास्त चार पर्याय देता येतात, पाचवा दुसऱ्या शाखेचा द्यायचा. बाबांच्या यादीत चार मोठी नावं होती. त्यांचं म्हणणं होतं, “गुण सरासरी आहेत, मुलगी सरासरी नाही.” ते खरंच होतं. पण अर्ज वाचणाऱ्याला आधी गुण दिसतात, मुलगी नंतर.

मी कोऱ्या कागदावर रकाने आखले. प्रत्येक विद्यापीठ यूकॅटचं काय करतं, एवढाच प्रश्न. ब्रिस्टलसारखं विद्यापीठ मुलाखतीला बोलावताना यूकॅटच्या गुणांवरच क्रम लावत होतं. तिथे २५३० घेऊन जाणं म्हणजे एक पर्याय वाया घालवणं. काही ठिकाणी किमान मर्यादा असते, ती दरवर्षी अर्जांच्या गर्दीनुसार सरकते. काही ठिकाणी यूकॅट आणि जीसीएसई मिळून गुण बनतात. कार्डिफसारख्या ठिकाणी जीसीएसईला मोठं वजन होतं. र च्या हातात सर्वांत भक्कम नाणं जीसीएसईचं होतं, आणि ते जिथे चालतं तिथेच जायचं.

तेव्हा बीमॅटचाही प्रश्न होता. ऑक्सफर्ड, केंब्रिज, इम्पीरियल, यूसीएल, लीड्स अशी काही विद्यापीठं त्या वर्षी बीमॅट ही वेगळी चाचणी मागत होती, आणि तिचं ते शेवटचंच वर्ष ठरलं. तिचा एक विभाग शास्त्र आणि गणिताचा होता, तिथे र चमकली असती. पण बीमॅट यूकासच्या मुदतीनंतर होती. गुण माहीत नसताना अर्ज करावा लागला असता, आणि तयारीचे पाच आठवडे ए-लेव्हलच्या ऐन सुरुवातीतून गेले असते. आम्ही नाही म्हटलं. हा निर्णय बरोबर होता याची खात्री मला आजही देता येणार नाही. वाचनाचा भाग तिथेही होता, पण वजन वेगळं होतं.

पाचव्या पर्यायात दंतवैद्यक टाकावं असं बाबांना वाटत होतं. नियमात ते बसतं. पण पर्सनल स्टेटमेंट एकच असतं आणि ते पाचही ठिकाणी जातं. वृद्धाश्रम, वॉर्ड आणि डॉक्टरांबद्दल लिहिलेलं पान दंतवैद्यकाच्या निवड समितीनं का स्वीकारावं? शिवाय दंतवैद्यकाच्या जागा कमी, चढाओढ तेवढीच, आणि यूकॅट तिथेही लागते. पडलो तर झेलायला गादी असावी म्हणून दंतवैद्यक निवडणं, हा त्या शाखेवरही अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. शेवटी र नंच सांगितलं की तिला दातांचं काम करायचं नाही. पाचवा पर्याय बायोमेडिकल सायन्सचा ठेवला.

१५ ऑक्टोबर त्या वर्षी रविवारी आला, म्हणून मुदत १६ ची होती. आम्ही अर्ज चार दिवस आधीच पाठवला.

पुढे काय झालं

नोव्हेंबरमध्ये एक नकार आला, जानेवारीत दुसरा. दोन ठिकाणी मुलाखतीचं बोलावणं आलं. दोन्ही मुलाखती छोट्या छोट्या टप्प्यांच्या होत्या, दर पाच-सात मिनिटांनी नवा प्रसंग आणि नवा परीक्षक. एका ठिकाणी तिला त्या आजींना भरवण्याबद्दल बोलायची संधी मिळाली. मार्चमध्ये तिथून तीन ए श्रेणींच्या अटीवर जागा मिळाली. दुसरीकडे ती प्रतीक्षायादीत राहिली.

या सगळ्याच्या मध्ये, जानेवारीच्या सराव परीक्षेत, तिच्या रसायनाच्या पेपरची शेवटची दोन पानं कोरी होती. आधीच्या पानांवर जवळपास एकही चूक नव्हती. मी तो पेपर हातात घेऊन बराच वेळ बसले. मग आमच्या शाळेतल्या विशेष शैक्षणिक गरजांच्या समन्वयकांकडे गेले. त्यांनी पानं उलटली आणि एकच विचारलं, “ही वाचते कशी, ते कुणी पाहिलंय का?” मला माऊसचा बाण आठवला.

फेब्रुवारीत रीतसर तपासणी झाली. अशा चाचण्यांत १०० ही सरासरी धरतात. वेळेचं बंधन नसताना आकलनाचा तिचा गुण ११८ आला. वाचनाच्या वेगाचा ८१. तपासणीसांनी आईंना विचारलं, मराठी कसं वाचते? आई म्हणाल्या की आजीचं एक पानी पत्र ती अर्धा तास घेऊन बसायची आणि आम्हाला वाटायचं, आजीची आठवण येत असेल. म्हणजे इंग्रजी उशिरा आल्याचा यात काही संबंध नव्हता. दोन्ही भाषांत ती अस्खलित बोलते आणि दोन्ही भाषांत तितकीच सावकाश वाचते.

ए-लेव्हलसाठी तिला मुदतीत २५ टक्के जादा वेळ मंजूर झाला. उन्हाळ्यात तिनं सगळे पेपर पूर्ण केले. ए-स्टार, ए, ए.

वेगळं काय करता आलं असतं

यूकॅटमध्येही असा जादा वेळ मिळतो. त्या प्रकाराला यूकॅटसेन म्हणतात, २५ टक्के वाढीव वेळ, पुरावा असेल तर. व्हर्बलच्या २१ मिनिटांवर पाच मिनिटांहून थोडे जास्त. तिच्या जुलैच्या वेगानं हिशेब केला, २१ मिनिटांत २७ प्रश्न, तर तेवढ्या वेळात आणखी सहा-सात प्रश्न वाचून सुटले असते. त्यानं किती गुण वाढले असते ते मी सांगू शकत नाही. पण आम्ही कुठे अर्ज करायचा नाही म्हणून जी नावं खोडली, त्यातली एक-दोन कदाचित राहिली असती.

तपासणी तिच्या दहावी-अकरावीच्या वयातच व्हायला हवी होती, हे खरं. पण ते म्हणून मी स्वतःला सोडवून घेऊ शकत नाही. जुलैच्या त्या सराव परीक्षेचे आकडे एकाच कागदावर होते: व्हर्बल ४४ पैकी २७, क्वांटिटेटिव्ह ३६ पैकी ३४, अॅब्स्ट्रॅक्ट ५० पैकी ४४. खात्री नसलेलं सोडून देण्याची सवय हेच कारण असतं, तर सगळ्या विभागांत सारखीच गळती दिसली असती. ती मोठी होती फक्त जिथे सलग वाचावं लागतं तिथे. बाबा म्हणत होते सराव कमी पडतोय, मी म्हणत होते सराव चुकीचा आहे. भांडण सरावाबद्दल चालू राहिलं आणि ती वाचते कशी, हे आम्ही कुणी पाहिलंच नाही.

आता मी जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला व्हर्बलचे दोन छोटे संच देते, एक घड्याळ लावून आणि एक घड्याळाशिवाय. मग तीच जोडी आकडेमोडीची. दोन्ही जोड्यांतली तफावत सारखी असेल तर तंत्रावर काम करायचं. वाचनातच तफावत मोठी असेल तर समन्वयकांकडे पाठवायचं, आणि तेही लगेच, कारण पुरावा गोळा व्हायला आठवडे जातात. त्यानंतर दोघांना असं पाठवलं. एकाला जादा वेळ मंजूर झाला, दुसऱ्याच्या तपासणीत काही निघालं नाही आणि तो नुसत्या सरावानं पुढे गेला.

या प्रकरणातले गुण पाहून कुणी आज स्वतःची तुलना करू नये. २०२५ पासून अॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंग हा विभाग काढून टाकला आहे आणि एकूण कमाल गुण २७०० झाले आहेत. व्हर्बलला आता ४४ प्रश्नांसाठी २२ मिनिटं मिळतात, पण पूर्वी एकूण गुणांत त्याचा वाटा एक चतुर्थांश होता, तो आता एक तृतीयांश आहे. सावकाश वाचणाऱ्या मुलासाठी परीक्षा अधिक कठीण झाली आहे.

तारीख सप्टेंबरमध्ये नेण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. बाबांना तक्त्यातून बाजूला न सारता तक्ताच बदलायला लावला, तेही तसंच करीन. विद्यापीठांची निवड गुणांच्या हिशेबानं केली म्हणून चारपैकी दोन मुलाखती मिळाल्या. तेवढं आमच्या हातून बरं झालं.

हे लिहिण्यासाठी मी त्या जुलैची नोंदवही काढली. बैठकीच्या पानावर तारखेचे पर्याय, फायदे-तोटे, सगळं ओळीनं लिहिलेलं आहे. खाली कोपऱ्यात आईंचा प्रश्न आहे, ‘वाचताना दमते’. त्याच्यापुढे मी एकच शब्द लिहिला होता: चष्मा.